फळांचा व भाज्यांचा रस : लाभ आणि माप

भारतातील अनेक शहरांत पहाटेच्या वेळी सार्वजनिक उद्यानांच्या दाराशी एक लहानसा बाजार भरतो. फिरावयास आलेली मंडळी परतताना तेथे थांबतात. गाजराचा, बिटाचा, आवळ्याचा, कारल्याचा, दुधीचा, गव्हाच्या कोवळ्या पातींचा, असे नाना रंगांचे रस तेथे मिळतात. पेला रिकामा करून माणसे समाधानाने घरी जातात. ज्यांना बाहेरचा रस नको असतो, त्यांनी घरीच यंत्र घेतलेले असते. सकाळी चहाऐवजी त्या यंत्राचा आवाज ऐकू येऊ लागला आहे.

या सवयीमागे आरोग्याची काळजी आहे आणि तिची थट्टा करणे योग्य नव्हे. चहा-बिस्किटांच्या जागी ताज्या फळाचा रस आला तर ती सुधारणाच होय. परंतु या सवयीबरोबर एक समजूतही घरात शिरली आहे. रस म्हणजे फळाचे सार व उरलेला चोथा म्हणजे टाकाऊ भाग. आणि सार जितके अधिक प्यावे तितके बरे, अशी ती समजूत. तिचा पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा भाग धोक्याचा आहे. फळ खाताना निसर्गाने एक माप घालून दिलेले असते. दात चावतात, जीभ चव पाहते, पोट भरल्याची जाणीव होते आणि हात थांबतो. रस काढताच हे माप नाहीसे होते. यास्तव घरी रस काढणाऱ्याने ते माप स्वतः होऊन परत ठेवले पाहिजे. तसे केले तर रस हितकर आहे. न केले तर नाही.

रसात काय उतरते

ताज्या रसाचे गुण खरे आहेत आणि त्यांची कसोटी फार पूर्वी लागलेली आहे. १७४७ साली ‘सॉल्सबरी’ नावाच्या इंग्रज युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्हीने आजारी असलेले बारा खलाशी निवडले. त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला त्याने निराळा उपचार दिला. कोणास सफरचंदाचे आंबवलेले पेय, कोणास व्हिनेगर, कोणास समुद्राचे पाणी. आणि एका जोडीला दररोज दोन संत्री व एक लिंबू. फळांचा साठा सहा दिवसांतच संपला. पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला.

या कथेचा उत्तरार्ध तितकासा सांगितला जात नाही, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक बोधप्रद आहे. लांबच्या प्रवासात फळे टिकत नाहीत, म्हणून लिंडने त्यांचा रस मंद आचेवर आटवून घट्ट पाक करण्याची कृती सुचविली. त्या आटविण्यात रसाचा गुणच पुष्कळसा नष्ट होत असे. पुढे १७९५ साली ब्रिटिश नौदलाने खलाशांना लिंबाचा रस नेमाने द्यावयाचे ठरविले. तो रस रोज एका औंसाहूनही कमी असे, तरी तेवढ्याने स्कर्व्ही हटली. रोग दूर करणारे ते द्रव्य १९२८ साली हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी वेगळे केले. ते क जीवनसत्त्व आहे हे नंतर सिद्ध झाले व सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रस ताजा हवा आणि तो थोडाच पुरतो, हे दोन धडे या इतिहासात आहेत.

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, म्हणून ते रसात चांगले उतरते. मात्र हवेतील प्राणवायूशी संयोग होताच त्याचा ऱ्हास सुरू होतो. लिंबू-संत्र्यासारख्या आंबट रसात तो सावकाश होतो. काकडी-गाजरासारख्या अल्प आंबट रसात तो वेगाने होतो, कारण त्या भाज्यांतच हे जीवनसत्त्व नासविणारे विकर असते. तांब्याचा स्पर्शही हा नाश त्वरेने घडवितो. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवू नये हा जुन्या गृहिणींचा दंडक होता. तो विषबाधेच्या भीतीने घातलेला होता खरा, पण रसाचा गुण टिकविण्यासही तो उपकारक आहे.

पोटॅशियमसारखे क्षार व पाणीही रसातून मिळते. उन्हाळ्यात, तापातून उठल्यावर, किंवा दात गेल्यामुळे ज्यांना पेरू व गाजर चावत नाही अशा वृद्धांना रसाचा खरा उपयोग आहे. गाजरातील कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते कच्च्या गाजराच्या कठीण पेशीत कोंडलेले असते. नुसते गाजर चावून त्याचा थोडाच भाग शरीरास मिळतो. पेशी फुटल्या म्हणजे तो वाढतो. म्हणून येथे रस काही अंशी सरस ठरतो. परंतु हीच गोष्ट शिजविण्यानेही साधते. १९९२ साली जर्मनीत विल्हेल्म श्टाल व हेल्मुट झीस यांनी दाखवून दिले की, टोमॅटोचा रस तेल घालून तापविला असता त्यातील लायकोपीन हे तांबडे द्रव्य शरीरात अधिक शोषले जाते. न तापविलेल्या रसातून ते तितके मिळत नाही. तेलाची फोडणी दिलेली गाजराची कोशिंबीर किंवा टोमॅटोचे सार हे पदार्थ या शोधाच्या कितीतरी आधीपासून घरोघर होत आले आहेत. तेव्हा कच्चे ते सर्व उत्तम आणि शिजविलेले ते सर्व निःसत्त्व, हा रसप्रेमी मंडळींचा सिद्धांत शास्त्राला मान्य नाही.

गाळणीत काय उरते

आता गाळणीकडे पाहू. तेथे उरलेला चोथा बहुधा केराच्या डब्यात जातो. या चोथ्याला पचन नाही, म्हणून त्याला मोल नाही, असे पूर्वी मानले जाई. आज ते मत टिकत नाही. हे तंतू मलशुद्धीस साहाय्य करतात, आतड्यातील उपकारक सूक्ष्मजंतूंचे खाद्य होतात, आणि फळातील साखर रक्तात किती लवकर जावी यावर लगाम ठेवतात.

हा लगाम सुटला म्हणजे काय होते, हे इंग्लंडमधील एका प्रयोगाने स्पष्ट केले. त्याचा वृत्तांत १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दहा निरोगी माणसांना एका वेळी अख्खी सफरचंदे, दुसऱ्या वेळी त्यांचा लगदा व तिसऱ्या वेळी गाळलेला रस देण्यात आला. तिन्ही वेळा त्यांतील पिष्टमय व शर्करायुक्त द्रव्ये सारखीच, म्हणजे ६० ग्रॅम, होती. फळे खाण्यास जितका वेळ लागला, त्याच्या अकराव्या हिश्शात रस पिऊन झाला. पोट भरल्याचे समाधान अख्ख्या फळाने सर्वांत अधिक दिले व रसाने सर्वांत कमी. रक्तातील साखर तिन्ही वेळा जवळजवळ सारखीच चढली. परंतु रसानंतर इन्सुलिन अधिक स्रवले व साखर नंतर पहिल्या पातळीच्याही खाली उतरली. सफरचंद तेच, साखर तीच. फक्त चावण्याचे काम यंत्राने केले आणि चोथा गाळणीत राहिला. एवढ्याने शरीराचा हिशेब बदलला.

गृहस्थी हिशेबानेही ही गोष्ट पडताळून पाहता येते. २०० मिलिलिटरचा एक पेला भरण्यास तीन-चार संत्री लागतात. त्या पेल्यात सुमारे १७ ग्रॅम साखर असते. तीन-चार संत्री एका बैठकीत सोलून खाणारा माणूस विरळा. पण पेला दोन मिनिटांत संपतो व दुसऱ्या पेल्यास नकार देणे जड जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत फळाच्या रसातील साखर ही मध व पाक यांच्या पंक्तीस बसविली आहे. अख्ख्या फळातील साखर मात्र तीत धरलेली नाही. अशी मोकळी साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांहून कमी असल्यास अधिक बरे, असे ती तत्त्वे सांगतात. सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या बाबतीत हा पाच टक्क्यांचा वाटा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम भरतो. वर साखर न घातलेला संत्र्याचा दीड पेला रसच ही मर्यादा गाठतो.

हा प्रश्न भारतात केवळ पुस्तकी राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज देण्यात आला. अमेरिकेतील १,८७,००० हून अधिक स्त्री-पुरुषांच्या दीर्घ निरीक्षणावरून २०१३ साली असे आढळले की, अख्खी फळे, विशेषतः द्राक्षे व सफरचंदे, अधिक खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी होते. फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत ते जास्त होते. अशा निरीक्षणाने कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही हे खरे. तथापि वरील प्रयोगाशी ते सुसंगत आहे. मधुमेही माणूस फळास भिऊन रसाकडे वळतो, हा भारतातील नित्याचा प्रकार त्यामुळे उलट्या वाटेचा ठरतो.

जिभेचा पहारा

माप हरपण्याचा याहूनही गंभीर परिणाम दुधीच्या रसाने दाखवून दिला. दुधी ही रुग्णालाही चालणारी सौम्य भाजी. परंतु काकडी-भोपळ्याच्या या कुळातील वनस्पती आपल्या संरक्षणासाठी कुकर्बिटासिन नावाची अत्यंत कडू व विषारी द्रव्ये तयार करतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड वाण निवडून ती जवळजवळ नाहीशी केली. तरीही एखाद्या फळात ती पुन्हा प्रकट होतात. बाहेरून असा दुधी ओळखता येत नाही. त्याचा कडूपणा हीच त्याची एकमेव खूण.

२०१० साली दिल्लीत दुधीचा रस घेतल्यानंतर एका गृहस्थाचा मृत्यू झाला, तेव्हा या गोष्टीकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमून अशा प्रकरणांची छाननी केली व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. कडू दुधीच्या रसाने तीव्र ओकाऱ्या व जुलाब होतात, जठर व आतड्यांतून रक्तस्राव होतो, रक्तदाब कोसळतो. आणि या विषावर उतारा नाही. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा, आणि रस प्याल्यावर मळमळ वा अस्वस्थता वाटल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे, असे समितीने सांगितले.

भाजीच्या रूपाने असा दुधी ताटात आला असता, तर पहिल्या घासालाच जिभेने तो बाहेर टाकला असता. रसाच्या रूपाने तो आला की पहारा चुकतो. पेला एका दमात रिकामा करावयाचा असतो. औषध कडूच असावयाचे, अशी मनाची तयारी असते. आणि पुष्कळ घरांत दुधीचा रस कारल्याच्या रसात मिसळलेला असतो, तेव्हा एका कडूपणात दुसरा लपून जातो. ज्याला आरोग्य हवे होते त्यानेच निसर्गाची सूचना गुण समजून गिळली, असा हा विपर्यास आहे. म्हणून दुधी चाखल्यावाचून त्याचा रस काढू नये आणि तो दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये, हे दोन नियम प्रत्येक स्वयंपाकघरात पाठ असले पाहिजेत.

मापाची जुनी जाण

रसोपचाराचे समर्थक अनेकदा आयुर्वेदाचा दाखला देतात. आयुर्वेदात ताज्या वनस्पतीच्या रसाला ‘स्वरस’ म्हणतात, व औषधाच्या पाच मूळ कल्पनांत त्याला पहिले स्थान आहे, हे खरे. परंतु त्याच शास्त्रातील शार्ङ्गधर संहितेत स्वरस पचावयास जड म्हणून त्याची मात्रा अर्धा पल, म्हणजे सुमारे दोन तोळे, सांगितली आहे. दोन तोळे म्हणजे आजचे पंचवीस ग्रॅमही नव्हेत. परंपरेचा आधार घ्यावयाचा आणि तिने घातलेले माप मात्र दहापट वाढवावयाचे, यात ना परंपरेचा मान राहतो, ना विज्ञानाचा.

‘रसाने रक्त शुद्ध होते, शरीरातील विषे धुऊन जातात’ हा दावाही असाच तपासून घ्यावा. शरीरातील त्याज्य द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. नुसत्या रसावर काही दिवस काढल्याने त्यांच्या कामात भर पडते असे दिसून आलेले नाही. प्रथिने व स्निग्ध पदार्थ मात्र त्या दिवसांत आहारातून जवळजवळ नाहीसे होतात. ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत त्यांना तर पालक व बीट यांच्या रसातील ऑक्झलेट आणि बहुतेक रसांतील पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून रस घेऊ नये. कारल्याचा रस घेतो म्हणून मधुमेहाच्या गोळ्या थांबविणे हे तर सर्वस्वी अविचाराचे होय.

आणखी एक विचार खर्चाचा. महाग यंत्र व महाग फळे यांवाचून आरोग्य नाही, असा समज पसरला तर त्याचा जाच अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास होतो. वस्तुस्थिती तशी नाही. २०२० सालच्या शिफारशींप्रमाणे प्रौढ पुरुषास दिवसाकाठी ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. शंभर ग्रॅमच्या एका पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. वरणावर पिळलेली लिंबाची फोड त्या जेवणातील डाळीचे व पालेभाजीचे लोह शरीरात शोषले जाण्यास मदत करते. यास ना वीज लागते, ना यंत्र. रसातला सर्वांत स्वस्त व सर्वांत सार्थ रस बहुधा हाच होय.

घरची रीत

मग घरी रस काढूच नये काय? अवश्य काढावा, पण त्याचे स्थान ओळखून. दिवसाची फळे व भाज्या अख्ख्या स्वरूपात खाऊन झाल्यावर त्यांत भर म्हणून लहान पेलाभर रस घ्यावा. त्यांच्या जागी घेऊ नये. फळापेक्षा भाजीचा भाग अधिक असावा, म्हणजे साखर आटोक्यात राहते. गाजर, काकडी, टोमॅटो यांच्या रसास लिंबू व आले पुरेसे रुचकर करतात. त्यात साखर घालण्याचे कारण नाही. फळे-भाज्या वाहत्या पाण्याखाली नीट धुवाव्यात, कारण सालीवरची घाण कापताना आत शिरते व रस उकळावयाचा नसल्यामुळे जंतू मरत नाहीत. यंत्राच्या पात्याखाली अडकलेला चोथा त्याच वेळी काढून धुऊन टाकावा. रस काचेच्या वा स्टीलच्या भांड्यात काढावा आणि काढताच प्यावा. सकाळचा रस संध्याकाळसाठी ठेवू नये.

शक्य असेल तेथे रस गाळू नये. लगद्यासह पेय दाट होते, सावकाश प्यावे लागते, आणि तेथेच माप काही अंशी परत येते. गाळलाच तर गाजर-बिटाचा चोथा थालीपिठात, पराठ्यात किंवा आमटीत घालावा. एक वर्षाच्या आतील बालकास फळांचा रस देऊ नये. एक ते तीन वर्षांच्या मुलास दिवसाला १२० मिलिलिटरहून अधिक नको, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली सांगितले, व ते भारतातही पाळण्याजोगे आहे. मुलाच्या हाती पेल्याऐवजी संत्र्याची फोड दिली तर तो सोलावयास, चावावयास व पुरे म्हणावयास शिकतो. शेवटचे शिक्षण तर आयुष्यभर उपयोगी पडते.

भारतीय आहारविज्ञानाचे कार्य १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या एका खोलीच्या प्रयोगशाळेत सुरू झाले. त्यातून वाढलेली व पुढे हैदराबादला गेलेली राष्ट्रीय पोषण संस्था आजही रसापेक्षा अख्खे फळ पसंत करावयास सांगते. शंभर वर्षांच्या परिश्रमांतून निघालेला हा सल्ला कोणत्याही आजीने दिला असता इतका साधा आहे. तो साधा आहे म्हणून त्याची जाहिरात होत नाही, यंत्राची होते. ग्राहकाने विकत घेतलेले यंत्र फेकून देण्याची गरज नाही. ते फडताळात असावे, आजाऱ्यासाठी व उन्हाळ्यातल्या दुपारसाठी बाहेर निघावे. रोजच्या रोज मात्र विळी, सुरी आणि दात यांनाच काम असावे.